घर पारखणारा माणूस

कोल्हापूरच्या गुजरीत दहा ग्रॅमच्या वळ्याचा व्यवहार होतो, तेव्हा सोने कसोटीला लागते, काट्यावर दोनदा चढते आणि हॉलमार्कचा शिक्का भिंगाखाली पाहिला जातो. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा कणी आणि रंग पाहिल्यावाचून जाणता व्यापारी बोली लावीत नाही. याच घरांतील माणसे साठ-सत्तर लाखांचे घर घेताना मात्र दोन भेटींत समाधान पावतात. पहिल्या भेटीत घर पाहिले जाते, दुसऱ्या भेटीत ते वडीलधाऱ्यांना दाखविले जाते. जिनमंदिर किती अंतरावर आहे, शेजार कसा आहे, पाणी किती वेळ येते याची चौकशी होते आणि अक्षय तृतीयेचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त जवळ असला की विसार दिला जातो. मालाची पारख हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी पारखीविना करावी, ही विसंगतीच आहे. याला निष्काळजीपणा म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सोन्याला सराफ आहे, गुळाला अडत्या आहे. घराला पारखी कोण, हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

लंडन किंवा लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांना हा प्रश्न पडत नाही. तेथे घर घेणारा स्वतःच्या खर्चाने ‘चार्टर्ड सर्व्हेअर’ नेमतो. या व्यावसायिकांची संस्था १८६८ साली लंडनमध्ये स्थापन झाली. घराच्या तपासणीचे तीन स्तर तिने ठरवून दिले आहेत आणि घर जितके जुने वा गुंतागुंतीचे, तितका वरचा स्तर निवडण्याची तेथे रीत आहे. भिंतीतील ओल, छपराची स्थिती, पायाचा खचाव, अशा गोष्टी एकाच माणसाच्या एकाच अहवालात येतात. आपल्याकडे असा एक माणूस नाही. आपल्याकडे ‘सर्व्हेअर’ हा शब्द जमीन मोजणाऱ्या सरकारी भूकरमापकाला लावतात, घराची किंमत ठरविणाऱ्या व्हॅल्युअरलाही लावतात आणि कधी कधी इमारत तपासणाऱ्या इंजिनिअरलाही लावतात. विमा कंपनीकडून नुकसान पाहायला येतो तोही सर्व्हेअरच. म्हणून ‘घराचा सर्व्हे करून घेतला आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणी केला, कशाचा केला आणि कोणासाठी केला, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच सहसा विचारला जात नाही.

कर्ज मंजूर झाले म्हणजे घर तपासले गेले, ही समजूत व्यापारी कुटुंबांत खोलवर रुजलेली आहे. बँकेने आपला व्हॅल्युअर पाठविला, त्याने अहवाल दिला, बँकेने कर्ज दिले. एवढी मोठी बँक पैसे घालते म्हणजे घर निर्दोष असणारच, असा हा हिशेब. तो चुकतो कोठे, हे आकड्यांनी पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के, ही कर्जाची कमाल मर्यादा आहे. समजा, घर साठ लाखांचे आहे. बँक फार तर अठ्ठेचाळीस लाख देईल, उरलेले बारा लाख खरेदीदार घालील. उद्या त्या घराच्या स्लॅबमधील लोखंड गंजलेले निघाले आणि दुरुस्तीला आठ लाख लागले, तरी बँकेचे अठ्ठेचाळीस लाख सुरक्षितच राहतात. बँकेची निश्चिंती ज्या बारा लाखांवर उभी असते, ते बारा लाख खरेदीदाराचे असतात. व्यापारी कुटुंबात ते बहुधा दुकानाच्या भांडवलातून उचललेले असतात. दिवाळीच्या आधी माल भरायला तेच पैसे लागणार असतात.

व्हॅल्युअरपुढे बँकेने ठेवलेला प्रश्न मर्यादित असतो: कर्ज थकले तर ही मिळकत विकून किती वसूल होईल? म्हणून त्याच्या अहवालात बाजारमूल्य, सहज वसूल होऊ शकणारे मूल्य आणि घाईच्या विक्रीत येणारे मूल्य असे तीन आकडे असतात. तो घरी येतो, छायाचित्रे घेतो, चतुःसीमा पाहतो, मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून पाहतो, आसपासच्या व्यवहारांचे दर विचारतो आणि जातो. गिलावा ठोकून पाहणे, माळ्यावर चढून तुळयांना वाळवी आहे का हे तपासणे, हे त्याच्याकडे सोपविलेलेच नसते. मालकी हक्क कागदपत्रांप्रमाणे गृहीत धरला आहे, बांधकामाच्या मजबुतीची चाचणी केलेली नाही, अशा अर्थाची वाक्ये त्याच्या अहवालात असतात. त्याने काही लपविलेले नसते. पण अहवालाची फी कर्जदाराने भरलेली असली, तरी अहवाल बँकेच्या नावाने असतो आणि तो बँकेच्या फाइलीत जातो. पुष्कळ कर्जदारांनी तो कधी वाचलेलाही नसतो. त्याची प्रत मागावी. मिळाली तर त्या गृहीतकांचे पान आधी वाचावे.

मग खरेदीदाराने कोणाला नेमायचे? जागेची हद्द आणि क्षेत्र यांसाठी एक, इमारतीच्या प्रकृतीसाठी दुसरा आणि किमतीबद्दल शंका असेल तर तिसरा. हक्काच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घेणारा वकील याखेरीज लागतो. पण त्याची गरज आता सर्वांना पटलेली आहे, त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

जागेपासून आरंभ करावा. कोल्हापुरातील मिळकतीची ओळख सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड यांनी होते. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवर, म्हणजेच प्रॉपर्टी कार्डावर, धारकाचे नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार आणि बोजे असतात. ‘ब’ सत्ताप्रकार हे शब्द दिसले, तर पुढे जाण्यापूर्वी थांबावे. अशा मिळकतींच्या हस्तांतरणात शासनाच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि जुन्या शहरात तो पुष्कळांच्या वाट्याला आलेला आहे. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, बोलणी मात्र चौरस फुटांत किंवा गुंठ्यांत होतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, अर्थात १०८९ चौरस फूट. कार्डावर ९२ चौरस मीटर असेल, तर ते एका चौरस मीटरला १०.७६४ फुटांच्या हिशेबाने ९९० चौरस फूट भरतात. दलालाच्या तोंडी ‘गुंठाभर जागा’ असते. चौरस फुटाला पाच हजार रुपये दर धरला, तर या ९९ फुटांचे पाच लाखांच्या आसपास होतात. खोटे कोणीच बोललेले नसते. एकाने ढोबळ सांगितले आणि दुसऱ्याने काटेकोर ऐकले, इतकेच.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात क्षेत्रफळाचे गणित दोन प्रकारे दिले आहे, व्यावहारिक आणि सूक्ष्म. व्यावहारिक म्हणजे कामापुरते जवळपासचे, सूक्ष्म म्हणजे नेमके. बाराशे वर्षांपूर्वी आपल्याच परंपरेतील एका आचार्यांनी केलेला हा भेद घर घेताना विसरावा, हे काही शोभणारे नाही. दलालाचा गुंठा व्यावहारिक असतो, पैसे मात्र सूक्ष्म हिशेबाने मोजून द्यावे लागतात.

कार्डावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र एकच आहे का, हे सांगण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापकाचा. त्याला बोलीभाषेत मोजणीदार म्हणतात. येथे एक अडचण असते आणि ती विसार दिल्यावर कळते: मोजणीचा अर्ज मिळकतीच्या धारकालाच करता येतो. खरेदीदाराचे नाव कार्डावर नसल्याने त्याला तो करता येत नाही. म्हणून ‘विक्रेत्याने हद्द कायम मोजणी करून द्यावी’ ही अट पहिल्या बोलण्यातच घालावी लागते. अर्ज आता ई-मोजणी प्रणालीतून होतो. मोजणीचे नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्याची फी अधिक, मुदत कमी. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या धारकांना जाते. त्या दिवशी खरेदीदाराने स्वतः हजर राहावे. मोजणीदाराच्या यंत्राइतकीच माहिती शेजाऱ्यांच्या बोलण्यातून मिळते. ‘ही भिंत आमची आहे, तात्यांना आम्ही वापरू दिली होती’ असे वाक्य कोणत्याही दस्तात लिहिलेले नसते. काम पुरे झाल्यावर हद्दी दाखविणारा नकाशा मिळतो, त्याला ‘क’ प्रत म्हणतात. मोजणी मान्य नसेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे निमताना मोजणी मागता येते.

विक्रेता मोजणीला का-कू करू लागला, तर त्याचेही कारण शोधावे. काही वेळा केवळ वेळेचा प्रश्न असतो, काही वेळा भावांतील वाटणी तोंडी झालेली असते आणि सरकारी माणूस दारात आणण्याची भीती वाटते. खासगी सर्व्हेअर टोटल स्टेशन यंत्राने दोन दिवसांत सुबक नकाशा काढून देतो. प्राथमिक अंदाजाला तो उपयोगी पडतो, बांधकामाचा आराखडा करताना तर हवाच असतो. परंतु शेजाऱ्याशी वाद झाला, तर वजन ‘क’ प्रतीला राहते. निपाणी-चिकोडीकडे ज्यांची सोयरीक आहे, त्यांना तेथील रीत वेगळी दिसेल. कर्नाटकात शासनाने परवाना दिलेले खासगी भूमापक आहेत आणि सर्व्हे नंबरातील काही भाग विकायचा झाला, तर खरेदीपूर्वी ‘११-ई’ नकाशा लागतो. तिकडचा अनुभव इकडे जसाच्या तसा लावू नये.

पेठांतील घरे हा तर स्वतंत्र विषय आहे. शुक्रवार, शनिवार, मंगळवार, रविवार पेठांत घराला घर लागून असते. दोन घरांमध्ये एकच भिंत असते आणि तिच्यावर दोन्हीकडच्या तुळया टेकलेल्या असतात. खरेदी करणारा मनात आधीच जुने पाडून नवे बांधण्याचा बेत करीत असतो. भिंत सामाईक असेल, तर पाडण्याच्या दिवशी शेजाऱ्याचा मजला उघडा पडतो आणि काम थांबते. म्हणून नगर भूमापनाच्या नकाशात हद्दरेषा भिंतीच्या मधून जाते की बाहेरून, हे पाहून घ्यावे. चौकशी नोंदवहीचा उतारा काढावा. मूळ धारकाचा हक्क कशाच्या आधारे मान्य झाला, ते त्यात सापडते. मागच्या बोळातून शेजाऱ्याची सांडपाण्याची वाट असते, त्याच्या छपराची पागोळी आपल्या अंगणात पडत असते, त्याची खिडकी आपल्या चौकात उघडत असते. अशी वहिवाट वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड चालली असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने ती हक्क ठरू शकते. घर पाहायला गेलेली मंडळी देवघराची दिशा पाहतात, बोळाकडे कोणी फिरकत नाही.

शहराबाहेरच्या मिळकतींचे प्रश्न निराळे. २०१७ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी विकास प्राधिकरणात शहराभोवतीची ४२ गावे आली. या गावांत घर घेताना ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुढे केला जातो. तो कर आकारणीचा कागद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही. गुंठेवारीच्या भूखंडावरील घर असेल, तर ते नियमित झाल्याचा आदेश पाहिल्यावाचून बोलणी पुढे नेऊ नयेत.

आता इमारत. येथे योग्य माणूस शोधणे सर्वांत अवघड आहे आणि त्याचे कारण कायद्यात आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. वास्तुकला परिषदेच्या नोंदणीखेरीज कोणालाही ‘आर्किटेक्ट’ म्हणून व्यवसाय करता येत नाही आणि नोंदणी क्रमांक मागितला की खरे-खोटे कळते. अभियंत्यांसाठी असा केंद्रीय कायदा आजवर झालेला नाही. ‘इंजिनिअर’ अशी पाटी पदविकाधारकही लावतो, ठेकेदारही लावतो. म्हणून महानगरपालिकेचा स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून परवाना आहे का, हे पाहणे हाच सामान्य माणसाच्या हातातील मार्ग. परवानाधारकांची माहिती नगररचना विभागात मिळते आणि शहरातील वास्तुविशारद-अभियंत्यांच्या संघटनेकडेही विचारता येते. परवाना असला, तरी एक प्रश्न उरतो: त्याचा अनुभव कोणत्या बांधकामाचा? नव्या आरसीसी इमारतींचे आराखडे करणारा उत्तम अभियंता पांढऱ्या मातीतील भिंतींच्या वाड्याबद्दल काही सांगू शकेलच असे नाही. वाडा घ्यायचा असेल, तर वाडे दुरुस्त केलेला माणूस हवा.

व्यापारी पेठेतील घराला एक दोष हटकून असतो आणि तो व्यापारातूनच आलेला असतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, अशी रचना. कधीतरी धंदा वाढला, दर्शनी भाग मोठा हवा झाला आणि रस्त्याकडील भिंत काढून तेथे लोखंडी गर्डर बसविला गेला. ज्याने बसविला त्याने तो कोणत्या भाराला पुरेल याचा हिशेब केला होता का, हे आता सांगायला कोणी नसते. वरच्या मजल्याची भिंत त्या गर्डरवर उभी असते. पुढे वर आणखी एक मजला चढतो, त्यावर पाण्याची टाकी येते. १९६७ च्या कोयना भूकंपाचे धक्के अनुभवलेल्या या भागात असे घर घेताना खालच्या दुकानाचे छत उघडून पाहण्याची परवानगी मागावी. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सुंदर छतामागे काय आहे, हे पाहू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घर घेण्याची घाई करू नये.

आरसीसी इमारतीत अभियंता तडे, गंजाचे डाग, सुटलेले गिलावे पाहतो. संशय असेल, तर रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाची ताकद आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने आतील एकसंधपणा यांचा अंदाज घेतो. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर महानगरपालिका कायद्यानुसार तिच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. फ्लॅट घेणाऱ्याने गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाकडे ते मागावे. नव्या प्रकल्पातील फ्लॅटला रेरा कायद्याचे संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर विकासकाला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत हा आधार मिळत नाही, म्हणून तेथे तपासणीची गरज अधिक.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पाण्याची पातळी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. त्याआधी २००५ चा पूर झालाच होता. सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग येथील रहिवाशांना हे सांगावे लागत नाही. परगावाहून येणाऱ्या खरेदीदाराला मात्र कोणी सांगत नाही. पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, निळ्या आणि लाल रेषांमध्ये निर्बंध आहेत. जुने घर आज उभे असले, तरी पाडून बांधायची वेळ येईल तेव्हा परवानगी मिळेल का, हा खरा प्रश्न. तो नगररचना विभागाचा दाखला आणि भाग नकाशा काढून अभियंत्याकडूनच सोडवून घ्यावा. तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंतच नवा रंग असेल, तर त्यामागील हेतू ओळखायला अभियंता लागत नाही.

चातुर्मासात नवी खरेदी टाळण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. ती पाळूनही एक गोष्ट करता येते: घराची पाहणी नेमकी याच काळात करावी. गच्ची कोठे गळते, कोणत्या भिंतीला ओल येते, गटाराचे पाणी कोणत्या बाजूला तुंबते, हे आषाढ-श्रावणात जसे दिसते तसे फाल्गुनात दिसत नाही. दिवाळीनंतर व्यवहार करणाऱ्याच्या हातात तोवर अभियंत्याचा पावसाळ्यातील अहवाल आलेला असतो.

किमतीबद्दल स्वतंत्र मत हवे असेल, तर नोंदणीकृत व्हॅल्युअर नेमावा. संपत्ती कराचा कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ३४ एबी खाली स्थावर मालमत्तेसाठी झालेली नोंदणी आजही व्यवहारात विचारली जाते, कर मात्र २०१५ पासून राहिलेला नाही. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी ‘जमीन व इमारत’ या वर्गाची निराळी नोंदणी आली, तिची यादी दिवाळखोरी मंडळाकडे असते. शासनाच्या रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी आहे, त्याला बाजारभाव समजू नये.

माणूस निवडताना समाजातील एक सवय आड येते. भाच्याने सिव्हिलचे शिक्षण घेतलेले असते, मेहुण्याचा मित्र बांधकाम ठेकेदार असतो. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून त्याला घर दाखविले जाते. तो फी घेत नाही आणि म्हणूनच कडू बोलत नाही. विक्रेताही समाजातलाच, दलालही ओळखीचा. दोष सांगून तिघांशी वाईटपणा कशाला घ्यायचा, असे त्याला वाटले तर त्याचा दोष नाही. फी देऊन नेमलेल्या परक्या माणसाला ही अडचण नसते. दलालाने किंवा विक्रेत्याने सुचविलेला तज्ज्ञ त्याच कारणाने टाळावा; व्यवहार झाला तरच ज्याला पैसे मिळतात, त्याच्या ओळखीतला माणूस व्यवहार मोडणारे वाक्य लिहायला कचरतो. नेमण्यापूर्वी विचारून घ्यावे: विक्रेत्याचे किंवा त्या विकासकाचे काम त्याने केले आहे का, अहवाल खरेदीदाराच्या नावाने आणि स्वतःच्या सही-शिक्क्याने देणार का, स्वतः येणार की सहायकाला पाठविणार. पूर्वी दिलेल्या एखाद्या अहवालाचा नमुना, नावे झाकून, पाहायला मागावा. त्यात केवळ ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढेच असेल, तर दुसरा माणूस पाहावा. फी ठरावीक असावी, व्यवहार होवो वा न होवो तेवढीच. सर्वांचा मिळून खर्च बहुधा दलालीपेक्षा कमीच येतो.

तपासणी मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखविणे, असे काही ज्येष्ठांना वाटते. सख्खे भाऊ भागीदार असले, तरी दुकानाची खातेवही लिहिली जातेच. तिला कोणी अविश्वास म्हणत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितला आहे, तो तराजूपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. विक्रेत्यानेही याकडे लक्ष द्यावे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ नुसार जो दोष विक्रेत्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. स्वतः पुढे होऊन मोजणी करून ठेवणाऱ्या विक्रेत्याचे घर लवकर जाते आणि मागाहून वाद येत नाही. कलमातील ‘साधारण काळजी’ हे शब्द मात्र खरेदीदारासाठीही आहेत. उघड दिसणारा तडा पाहिला नाही, ही तक्रार न्यायालयात टिकणे कठीण.

हे सारे विसार देण्यापूर्वी झाले तर उत्तम. मुहूर्त टळू नये म्हणून विसार द्यायचाच असेल, तर रक्कम लहान ठेवावी आणि विसार पावतीत वा साठेखतात लिहून घ्यावे की हद्द कायम मोजणी व इमारतीची तपासणी समाधानकारक निघाल्यासच व्यवहार पुढे जाईल, अन्यथा रक्कम परत मिळेल. प्रतिकूल अहवाल आला म्हणजे घर सोडावेच असे नाही. गर्डरखाली आधार देण्याचा खर्च, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, कमी भरलेले क्षेत्र, यांचे आकडे अभियंत्याकडून लिहून घेऊन ते किमतीतून वजा करण्याची बोलणी करता येतात. आकडा लेखी असला की ती बोलणी शांतपणे होतात.

खरेदीखत लिहिताना चतुःसीमा बहुधा जुन्या दस्तावरून उतरवून घेतल्या जातात. उत्तरेस ज्यांचे घर लिहिलेले असते, ते गृहस्थ जाऊन तीस वर्षे झालेली असतात आणि ते घर दोनदा विकले गेलेले असते. चतुःसीमा ‘क’ प्रतीवरून, आजच्या सिटी सर्व्हे नंबरांसह लिहून घ्याव्यात आणि ती प्रत दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडावी. वकिलाला हे मसुदा तयार होण्याआधी सांगावे, कारण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणीची वेळ घेतल्यावर दस्त बदलायला कोणाला सवड नसते.